दार उघडे ठेवून या

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न या आठवड्यात आमच्यापुढे आला. ताई बी.ए., बी.एड. आहेत. थायलंडमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला त्या एक वर्षाच्या करारावर गेल्या आणि पहिले सत्र संपताच घरी परतल्या. पगार ठरल्याप्रमाणे हाती येत नव्हता आणि तास मात्र ठरल्यापेक्षा वाढत चालले होते. आता तिथल्याच दुसऱ्या शाळेचे बोलावणे आले आहे. ताईंना जायचे आहे. वडील म्हणतात, "एकदा अर्ध्यावर टाकून आलीस, आता कोणत्या तोंडाने जातेस?" आईला पतपेढीच्या हप्त्यांची काळजी आहे. शेजारपाजारचे लोक तर "पळून आली" एवढ्या दोन शब्दांत निकाल देऊन मोकळे झाले आहेत.

असे प्रश्न आता अनेक घरांत येऊ लागले आहेत. पूर्वी आपल्या वस्तीतून कोणी बाहेरदेशी गेले, तर तो बहुधा वेल्डर किंवा ड्रायव्हर असे. आता शिकल्यासवरल्या मुली वर्गात उभे राहून इंग्रजी शिकवायला जात आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण करार मध्येच सुटला तर काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

आमचे म्हणणे सरळ आहे. करार मुदतीआधी सुटणे हा डाग नव्हे. परत जाता येईल की नाही, हे तो कसा सोडला यावर ठरते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या तसबिरीत आहे. ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला, की परदेशातील शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. पण निघताना त्यांनी एक काम चोख केले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. बडोद्यात जातीमुळे कोणी राहायला जागा देईना. पारशी सराईत नाव लपवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले. दहा वर्षांचा करार असा काही दिवसांतच मागे पडला.

त्या अपमानापुढे आपली आजची अडचण पासंगालाही पुरणार नाही. पण पुढचे पाहा. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर प्राध्यापक झाले. शिकवत असताना काटकसरीने पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये, चार वर्षांची मुदत संपण्याआधी, ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. बडोदा सुटले, पण लंडनचे दार त्यांनी उघडे ठेवले होते. आपण घ्यायचा धडा हाच.

आता हे दार कागदोपत्री कसे उघडे राहते ते पाहू. थायलंडमध्ये शिक्षकाचा कामाचा परवाना, म्हणजे वर्क परमिट, त्या त्या शाळेशी बांधलेला असतो. नोकरी संपली की त्या नोकरीच्या आधारावर मिळालेला मुक्कामही संपतो. म्हणून राजीनामा लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि जुना परवाना रद्द झाल्याचा कागद जपून ठेवावा. मुदत संपूनही राहिल्यास दिवसाला ५०० बाथ दंड बसतो, तो जास्तीत जास्त २०,००० बाथपर्यंत जातो. ९० दिवसांहून अधिक काळ असे राहून मग स्वतःहून निघालेल्या माणसाला एक वर्ष प्रवेशबंदी होते. मुक्काम एक वर्षाहून जास्त लांबला असेल तर ही बंदी तीन वर्षांची असते. ताई शाळेला कळवून आणि मुदतीत निघाल्या असतील, तर "पळून आली" हे शब्द त्यांना लागू होत नाहीत.

दुबईकडच्या खाजगी नोकरीचे नियम निराळे आहेत. संयुक्त अरब अमिरातीचा नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार परीक्षाकाळ सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. या काळात नोकरी सोडून मायदेशी यायचे असेल, तर १४ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. सूचना न देता देश सोडला तर एक वर्ष नवा परवाना मिळत नाही. सूचना देऊन आलेला माणूस तीन महिन्यांच्या आत नव्या मालकाकडे परत गेला, तर जुन्या मालकाचा भरतीचा खर्च नव्या मालकाला द्यावा लागू शकतो. परीक्षाकाळानंतर करारात लिहिलेली ३० ते ९० दिवसांची सूचना पाळावी लागते. केवळ १४ दिवसांच्या घाईपायी वर्षभर घरी बसण्याची पाळी कोणावर येऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. दहावीच्या आत शिकलेला कामगार थायलंड किंवा आखाती देशांसारख्या ठरावीक १८ देशांत नोकरीला निघाला, तर सरकारी कार्यालय त्याची कागदपत्रे पाहून मंजुरी देते. दहावी झालेल्यांना ही मंजुरी लागत नाही. म्हणजे शिकलेल्या मुलीचा करार सरकारदरबारी कोणी तपासत नाही. तो तिनेच ओळ न् ओळ वाचायचा. पगार किती, आठवड्याचे तास किती, परवाना कोण काढणार, सुट्टीतला पगार मिळणार का, सोडताना सूचना किती दिवसांची, हे लिहून आल्याशिवाय सही करू नये. एजंट असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते पाहावे. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक घेता येत नाही. "आधी पर्यटक म्हणून या, परवान्याचे नंतर बघू," असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे. तसे शिकवणे बेकायदा आहे. २०२२ मध्ये थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबल्याचे प्रकार उघडकीस आले होते, हे विसरू नये.

नव्या शाळेला पहिल्या नोकरीविषयी काय सांगायचे? खरे तेच, पण दोन वाक्यांत. "करारात ठरलेल्या अटी पाळल्या गेल्या नाहीत, म्हणून सत्र पूर्ण करून मी लेखी कळवून निघाले." जुन्या शाळेची निंदा करू नये आणि ते महिने अर्जातून गाळूही नयेत. दडवलेली गोष्ट नंतर कळली, तर नवी नोकरीही जाते. सत्र पूर्ण केले हे ताईंनी आवर्जून सांगावे. भांडण शाळेच्या कचेरीशी असते, वर्गातल्या लेकरांशी नसते. थायलंडमध्ये पहिले सत्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत आणि दुसरे नोव्हेंबरपासून चालते. जाणे आणि सोडणे या वेळापत्रकाला धरून असावे.

पैशांविषयीही सांगतो. दुसऱ्यांदा जाताना परतीच्या तिकिटाचे आणि दोन महिन्यांच्या हप्त्यांचे पैसे बाजूला काढल्याशिवाय निघू नये. तेवढे जमेपर्यंत इथे शिकवण्या घ्याव्यात, शाळेत बदली शिक्षिकेचे काम करावे. यात कमीपणा नाही. बाबासाहेबांनीही मुंबईत शिकवूनच पुढच्या वाटेचा खर्च उभा केला होता.

शेवटी आईवडिलांना विनंती. परदेशात मुलगी अडचणीत असते, तेव्हा "लोक काय म्हणतील" या भीतीने ती नको तितके सोसते किंवा कोणाला न सांगता निघून येते. दोन्हींत नुकसान तिचेच होते. आपले घर आपल्याला माघारी घेईल, हा विश्वास असलेली मुलगीच शांतपणे सूचना देऊन आणि हिशेब पुरा करून निघू शकते. तेव्हा ती दारात उभी राहिली की "का आलीस" असे विचारू नका. तिला आत घ्या, पाणी द्या आणि मग विचारा, "बाळ, कागद सगळे आणलेस ना?" जयभीम.