प्रदर्शनाला जाताना ऑपरेटरला बरोबर न्या

जानेवारी आला की शिरोली, कुपवाड, भोसरी, अंबड, वाळूज इथल्या कारखानदारांचं बंगळूरला जायचं ठरू लागतं. इमटेक्स म्हणजे आपल्या देशातलं मशीन टूलचं सगळ्यांत मोठं प्रदर्शन. 1946 साली स्थापन झालेल्या मशीन टूल उत्पादकांच्या संघटनेने ते 1969 मध्ये मुंबईत पहिल्यांदा भरवलं, आणि 2007 मध्ये बंगळूरला स्वतःचं प्रदर्शन केंद्र उभारलं. साधारणपणे विषम सालांत धातू कापणाऱ्या मशीनचं प्रदर्शन असतं आणि सम सालांत प्रेस, बेंडिंग, पत्राकामाचं. तिथे जा, जरूर जा. पण लहान आणि मध्यम कारखाने चालवणाऱ्या सगळ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. एकटे जाऊ नका, किंवा फक्त चार मालक मित्र मिळून जाऊ नका. जो माणूस ते मशीन रोज चालवणार आहे, त्याला बरोबर न्या.

आपल्याकडे मशीन घेतो मालक, कर्ज देते बँक, कोटेशन देतो विक्री प्रतिनिधी. ऑपरेटरला मशीन दिसतं ते ट्रकमधून उतरल्यावर. मग पुढची दहा-पंधरा वर्षं त्याने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. तीस-चाळीस लाखांच्या वस्तूबद्दल ज्याला सगळ्यांत जास्त कळतं त्यालाच कोणी विचारत नाही, हे मला मुळीच पटत नाही.

स्टॉलवर काय होतं ते पाहा. मशीनचं दार बंद, आत लाइट, काचेवर कूलंटचा फवारा आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा सपासप कापला जातोय. पृष्ठभाग आरशासारखा. मालक स्पिंडलचा वेग विचारतो, किंमत विचारतो, फोटो काढतो. ऑपरेटर दार उघडायला सांगतो. चकपर्यंत हात किती लांब न्यावा लागतो, वजनदार कास्टिंग दोन्ही हातांनी धरून आत ठेवताना कमरेत किती वाकावं लागतं, जबडे बदलायला पाना नीट फिरतो का, कूलंटची टाकी साफ करायला बाहेर ओढता येते का, हे तो पाहतो. मग वाकून गाइडवेची झाकणं आणि वायपर बघतो. कोल्हापूर-सांगलीकडे बिडाचं काम जास्त, आणि बिडाची चिप लांब सुटत नाही, तिची भुकटी होते. ती वायपरखाली शिरते, कूलंटमध्ये बसून गाळ होते. ॲल्युमिनियमच्या डेमोत यातलं काहीच दिसत नाही. पण शनिवारी टाकी उपसणाऱ्याला ते पाठ असतं.

म्हणून दुसरी गोष्ट. आपला जॉब बरोबर न्या. ज्यावर महिन्याची कमाई अवलंबून आहे असा एक तयार नग, त्याचं एक कच्चं कास्टिंग आणि ड्रॉइंग पिशवीत टाका. समजा ते 6205 बेअरिंगचं हाउसिंग आहे. बोअर 52 एच7, म्हणजे 52.000 ते 52.030 मिलिमीटर. सगळी मुभा तीस मायक्रॉनची. स्टॉलवर सांगतील की आमच्या मशीनची अचूकता पाच मायक्रॉन. ते खोटं नसतं, पण तेवढ्यावर थांबू नका. सांगितलेल्या जागी अक्ष किती नेमका पोहोचतो ती एक अचूकता, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो का ती दुसरी, तिला रिपीटेबिलिटी म्हणतात. शेकड्यांनी एकच जॉब काढणाऱ्याला दुसरी जास्त महत्त्वाची. फरक दर वेळी तेवढाच असेल तर ऑफसेट देऊन काढता येतो, दर वेळी बदलत असेल तर कोणाच्याच हातात काही राहत नाही.

त्यातही हे आकडे बहुतेक वेळा मशीन रिकामं चालवून, लेझरने मोजलेले असतात. तुमच्या बोअरमध्ये जबड्यांचा दाब, इन्सर्टची झीज आणि उष्णता हे तिघंही उतरतात. जानेवारीतल्या बंगळूरच्या हॉलमधली हवा आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधली हवा एक नव्हे. सकाळचा पहिला नग आणि दुपारी दोनचा नग यांत किती फरक पडतो, हे तुमच्या ऑपरेटरला विचारायला लावा. उत्तर देणारा विक्रीचा माणूस असेल तर त्यांच्या ॲप्लिकेशन इंजिनिअरला बोलवायला सांगा. तो असतोच, फक्त मागे उभा असतो. आपला माणूस आणि तो बोलू लागले की आपण मध्ये पडू नये.

भाषेची अडचण होईल, इंग्रजी येत नाही, असं काही जण म्हणतात. शॉप फ्लोअरवरच्या माणसाला मशीनसमोर भाषा अडत नाही. ड्रॉइंग पुढे ठेवलं की दोघांचंही बोट त्याच मापावर जातं.

पैशांचा हिशेब मात्र घरून करून निघा. उदाहरणादाखल, तीस लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण 65,000 रुपये. एक पाळी, 25 दिवस, रोज आठ तास, म्हणजे 200 तास. त्यातलं प्रत्यक्ष कटिंग 70 टक्के धरलं तर 140 तास. नुसत्या हप्त्याचा भार तासाला सुमारे 465 रुपये पडतो. वीज, पगार, इन्सर्ट, जागा त्याच्यावर वेगळी. दोन पाळ्यांचं काम हातात असेल तर तोच भार 230 वर येतो. दुसऱ्या पाळीचं काम कुठून येणार याचं उत्तर नसेल तर मशीन कितीही आवडलं तरी थांबा. ‘प्रदर्शनापुरती सूट आहे, आजच टोकन द्या’ असं सांगितलं तरी थांबा. अशी सूट नंतरही मागता येते, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

आणि मोठ्या मशीनच्या झगमगाटात छोट्या स्टॉलांकडे दुर्लक्ष करू नका. जबडे, फिक्श्चर, टूल होल्डर, एअर गेज यांचे स्टॉल. माझं ठाम मत आहे की बऱ्याच कारखान्यांना नव्या मशीनआधी चांगल्या फिक्श्चरची गरज असते. तीन मिनिटांची सायकल आणि एक मिनिट लोडिंग असेल तर तासाला पंधरा नग निघतात. फिक्श्चर सुधारून लोडिंग अर्ध्या मिनिटावर आणलं की सतरा. त्याला तीस लाख लागत नाहीत. ही अर्ध्या मिनिटाची जागा कुठे आहे ते ऑपरेटरलाच माहीत असतं, आणि असा स्टॉल दिसला की त्याचे पाय तिथेच थांबतात.

पसंत पडलेल्या मशीनची आपल्या कास्टिंगवर चाचणी मागा, स्टॉलवर नव्हे, कंपनीच्या कारखान्यात. सलग पन्नास नग काढून सगळे मोजा. हीच अट खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहा. सर्व्हिस इंजिनिअर कोणत्या गावात राहतो, स्पिंडल बिघडला तर किती दिवस लागतात, नेहमी लागणाऱ्या भागांच्या किमती काय, हे लेखी घ्या. तेच मशीन आपल्या भागात कोणाकडे आहे ते विचारा आणि तिथे विक्री प्रतिनिधीशिवाय जा. तिथल्या मालकाशी बोला, आणि तुमचा ऑपरेटर तिथल्या ऑपरेटरशी बोलू दे. बंद पडल्याच्या खऱ्या तारखा तिथेच कळतात.

जाणं अवघड नाही. कोल्हापूरकडून महामार्गाने गेलात तर केंद्र तुमकूर रस्त्यावरच, शहरात शिरण्याआधी लागतं. शहरात उतरला असाल तर 2024 च्या नोव्हेंबरपासून मेट्रो थेट मादावरा स्थानकापर्यंत येते. नोंदणी आधी ऑनलाइन करून ठेवा. हॉल मोठे आहेत, एका दिवसात सगळं पाहायचा हट्ट नको. आपल्या जॉबशी संबंधित स्टॉल आधी निवडा, दोन दिवस ठेवा, पायात रोजचे बूट घाला.

दोन दिवस ऑपरेटर नसेल तर काम अडेल, ही भीती मला समजते. पुढची दहा वर्षं चुकीच्या मशीनवर अडणाऱ्या कामापुढे ते दोन दिवस काहीच नाहीत. तिकडे जाऊन आलेला माणूस नोकरी सोडेल, असंही काही जण बोलून दाखवतात. ज्याचं मत विचारून मशीन आणलं, तो त्या मशीनची काळजी घेतो, असंच मी पाहत आलो आहे.

तेव्हा या वेळी नोंदणी करताना स्वतःच्या नावाखाली तुमच्या ऑपरेटरचंही नाव घाला, तो असो की ती. जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च कारखान्याने करावा, आणि त्या दिवसांचा पगार कापू नये.