पाण्यावरची गाडी आणि जमाखर्चाची वही



गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारी सकाळी आम्ही वस्तीतील महिला बचत गटाच्या वह्या तपासत बसलो होतो. आठवडाभर कचेरीत हेच काम आणि सुटीच्या दिवशीही तेच, म्हणून आमच्या सौभाग्यवती कुरकुरतात. पण गटातील भगिनींचा पैसा धुण्याभांड्यांतून, भाजीच्या पाटीतून आलेला असतो. त्याचा हिशेब कोणीतरी नीट ठेवलाच पाहिजे. इतक्यात पलीकडच्या गल्लीतील एक तरुण आला. शाळेची मुले ने-आण करण्यासाठी त्याने एक जुनी ओम्नी व्हॅन घेतली आहे.

"जयभीम काका. आईच्या नावावर चाळीस हजारांचे कर्ज पाहिजे. अर्ज आणलाय."

"कशासाठी रे?"

"गाडी पाण्यावर चालवायची आहे."

आम्ही चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. पोरगा थट्टा करीत नव्हता. त्याने खिशातून गुळगुळीत कागदावरचे रंगीत पत्रक काढले. पाण्यातून हायड्रोजन वायू काढून इंजिनात सोडणारे यंत्र, किंमत १५ हजार. पेट्रोल निम्मे लागेल. शिवाय २५ हजार भरले की तालुक्याची एजन्सी. ३ हजार रुपये तो आगाऊ देऊनही आला होता. एका हॉलमध्ये त्याने प्रयोग पाहिला होता. काचेच्या बरणीत पाणी, त्यात स्टीलच्या पट्ट्या, बॅटरीच्या दोन वायरी. पाण्यातून बुडबुडे आले, त्यांना काडी लावताच फट्कन आवाज झाला. "डोळ्यांनी पाहिलंय काका," असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

वाचकहो, त्याच्या डोळ्यांनी खोटे पाहिले नव्हते. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन वायू सुटतात, हे निकल्सन आणि कार्लाइल या दोघा इंग्रजांनी १८०० साली दाखवून दिले आहे. शाळेच्या पुस्तकात तो प्रयोग विद्युत अपघटन या नावाने असतो. हायड्रोजन पेटतो, जोरात पेटतो, आणि धुराऐवजी त्याची पुन्हा वाफ होते, हेही खरे. म्हणूनच ही फसवणूक पचते. अर्ध्या सत्याला पाय फुटले की ते पूर्ण खोट्यापेक्षा लांब जाते.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, विज्ञानाचे पदवीधर नव्हे. पण जमा आणि खर्च या दोन बाजू आम्हांला कळतात. संध्याकाळी गटाची बैठक होती. आम्ही त्या तरुणाला आणि त्याच्या आईला तेथे बोलावले आणि वहीच्या कोऱ्या पानावर मधोमध रेघ ओढली.

प्रथम जमेची बाजू. बरणीला व्हॅनच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून २० अँपिअर वीज मिळते असे धरा. म्हणजे २४० वॅट. तासभरात पाव युनिटहून थोडी कमी वीज झाली. चांगल्या कारखान्यातही १ किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या हिशेबाने आपल्या बरणीतून तासाला फार तर ५ ग्रॅम हायड्रोजन निघेल. १ किलो हायड्रोजनमध्ये साधारण पावणेचार लिटर पेट्रोलएवढी उष्णता असते, तेव्हा ५ ग्रॅममध्ये सुमारे १८ मिलिलिटर पेट्रोलएवढी. म्हणजे चहाचे चार चमचेही नाहीत.

आता खर्चाची बाजू. बॅटरीत वीज येते कोठून? अल्टरनेटरमधून. अल्टरनेटर फिरतो इंजिनाच्या पट्ट्यावर आणि इंजिन चालते पेट्रोलवर. इंजिन पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावते, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून वाया जाते. त्या चौथ्या हिश्श्यातलेही साठ टक्क्यांच्या आसपासच वीज होऊन बाहेर पडतात. उलटा हिशेब केला तर ती पाव युनिट वीज तयार करायला सुमारे १८० मिलिलिटर पेट्रोल जळते. जमा १८, खर्च १८०. असा ताळेबंद आणणाऱ्या सेवकाला कोणता साहेब कामावर ठेवील?

सगळ्या गप्प झाल्या. मग त्या तरुणाची आईच म्हणाली, "पाणी जळत असतं तर आग विझवायला ते कोण ओततं?"

शाळा तिसरीपर्यंतची, पण बाईने वर्मावर बोट ठेवले. पाणी हे इंधन नव्हेच. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरते ते पाणी. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख आहे. चुलीतल्या राखेचे पुन्हा लाकूड करायचे तर लाकडाने जेवढी उष्णता दिली तेवढी तरी परत घालावी लागते, आणि व्यवहारात त्याहून जास्तच. ही उष्णता बाहेरून, विजेच्या रूपाने, आणावी लागते. गाडीतलीच वीज वापरून गाडी चालवणे म्हणजे आपल्याच खिशातून उसने घेऊन आपल्यालाच व्याज देणे.

हा धंदा नवा नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात स्टॅनली मेयर नावाच्या गृहस्थाने पाण्यावर मोटार चालते असे सांगून लोकांचे पैसे घेतले. दोन गुंतवणूकदारांनी खटला भरला आणि १९९६ साली न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरवून २५ हजार डॉलर परत करावयास लावले. त्याच वर्षी आपल्याकडे तामिळनाडूच्या रामर पिल्लई याने वनस्पतींपासून पेट्रोल केल्याचा गाजावाजा झाला होता. मोठमोठी माणसे भुलली. चौकशीत ती रसायनांची भेसळ निघाली आणि २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्याला ३ वर्षांची शिक्षा सुनावली. मधल्या २० वर्षांत ज्यांनी पैसे घातले त्यांचे काय झाले असेल, याचा विचार करावा.

आम्ही हे शहाणपण वरून सांगत नाही. आमच्या वडिलांनी सागवानाच्या झाडांच्या एका योजनेत ५ हजार रुपये घातले होते. ना झाड दिसले, ना पैसा. नवी विद्या शिकण्याची वाट बंद असली की नव्या विद्येचे नाव घेऊन येणारा कोणीही आपल्याला गुरू वाटू लागतो.

आता दुसरी बाजू. फसवणूक करणाऱ्यांमुळे हायड्रोजनच थोतांड आहे असे समजणे हीदेखील चूकच ठरेल. हायड्रोजनवरच्या मोटारी खऱ्या आहेत. टोयोटा कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये जपानात मिराई नावाची मोटार विक्रीस आणली. मार्च २०२२ मध्ये आपल्या नागपूरचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी तीच मोटार घेऊन संसदेत गेले होते. तिच्या नव्या नमुन्यात सुमारे साडेपाच किलो हायड्रोजन मावतो आणि त्यावर ती ६०० किलोमीटरहून अधिक जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी कंपनीबरोबर बनवलेली हायड्रोजनची बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच दाखवण्यात आली. या गाड्यांत हायड्रोजन इंजिनात जाळत नाहीत. फ्युएल सेलमध्ये हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज होते, त्या विजेवर मोटर फिरते आणि मागच्या नळीतून पाणी टपकते. मात्र हायड्रोजन गाडीत तयार होत नाही. तो बाहेर, कारखान्यात तयार करून हवेच्या ७०० पट दाबाने टाकीत भरतात.

आणि तेथेही जमाखर्च सुटत नाही. कारखान्यात ९ लिटर पाणी आणि ५० युनिट वीज घातली की १ किलो हायड्रोजन मिळतो. तो दाबायला, वाहून न्यायला आणखी वीज. फ्युएल सेलमधून शेवटी १५ ते १८ युनिट वीज हाती लागते. तीच ५० युनिटे सरळ गाडीच्या बॅटरीत भरली तर ३५ ते ४० युनिटे कामास येतात. म्हणून लहान मोटारींत आज बॅटरी पुढे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात शेल कंपनीने २०२४ मध्ये मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद केले. शिवाय जगात वर्षाला जो ९ कोटी टनांहून अधिक हायड्रोजन तयार होतो, तो बहुतेक सारा नैसर्गिक वायू आणि कोळशापासून होतो. वायूपासून १ किलो हायड्रोजन काढताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. धूर गाडीच्या नळीतून नाही, तर कारखान्याच्या धुराड्यातून निघतो, इतकाच फरक.

यावर उपाय एकच, सूर्य आणि वाऱ्याच्या विजेवर हायड्रोजन काढणे. त्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९ हजार ७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. त्याचा पहिला उपयोग खतकारखाने आणि तेलशुद्धीकरण यांना, कारण तेथे हायड्रोजन आजही लागतोच. म्हणजे प्रश्न अखेरीस स्वस्त विजेपाशी येऊन थांबतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे काम पाहताना बाबासाहेबांनी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला होता. त्यांचे म्हणणे आज नव्या रूपाने समोर आहे.

आमच्या तरुणांची खरी जागा तेथे आहे, तालुका एजन्सीत नव्हे. हे कारखाने चालवायला वीजतंत्री, वेल्डर, दाबाच्या टाक्या तपासणारे हात लागणार. आयटीआय आणि पदविकेचे प्रवेश सुरू झाले की आई-वडिलांनी हे लक्षात घ्यावे.

एक सूचना मात्र कळकळीची. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाचा गॅस गळला तर वासाने कळते, हा गळला तर कळत नाही. हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो, आणि त्याची ज्योत दिवसा धड दिसतही नाही. ज्या गाडीत आपली लेकरे शाळेला जातात तिच्यात असली बरणी असू नये. परवानगीवाचून गाडीत असा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील ते वेगळेच.

त्या संध्याकाळी चाळीस हजारांचा अर्ज तरुणाने स्वतःच मागे घेतला. गटाने त्याच्या आईला १२ हजार मंजूर केले, गाडीचे दोन टायर आणि इंजिनाच्या दुरुस्तीसाठी. पेट्रोल थोडे वाचेल, तेवढेच खरे. आगाऊ दिलेले ३ हजार अजून मिळालेले नाहीत. आम्ही लेखी तक्रार दिली आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदही केली आहे.

जाताना पोरगा म्हणाला, "काका, ते पान फाडून द्या. माझ्याबरोबर हॉलमध्ये आणखी तीस-चाळीस जण होते."

गटाच्या वहीतील पान फाडता येत नाही. म्हणून आम्ही त्याला स्वच्छ अक्षरात नक्कल करून दिली, आणि हा लेखही त्या तीस-चाळीस जणांसाठीच लिहिला. आपल्या वस्तीत असे पत्रक आले असेल तर वाचकांनी हे पान शेजारच्या घरात वाचून दाखवावे.