वेदीबाहेरची जबाबदारी

वसईच्या बागायतीतल्या विहिरींचं पाणी टँकर उपसून नेऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’ चळवळ घेऊन रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने मिस्सा अर्पण करावी, बाकीच्यात पडू नये, असा आग्रह अजूनही धरला जातो. तो साफ चूक आहे. पानवेलीचा मळा सुकला, की त्यावर जगणारं कुटुंब धर्मग्रामातूनच उठतं. मग प्रवचन कुणापुढे द्यायचं?

दिब्रिटोंनी केलेलं ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन, त्यांचं ‘सुबोध बायबल’, 2020च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, हा त्याच सेवेचा विस्तार.

पण अशा कामाला धर्मगुरूकडे वेळ उरायला हवा. पापनिवेदन ऐकणं, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, अंत्यविधी, शिवाय शाळेचा कारभार, असं सगळं अनेकदा एकाच धर्मगुरूच्या गळ्यात पडतं. निदान हिशेब आणि इमारतीची डागडुजी तरी प्रापंचिकांनी आपल्याकडे घ्यावी.