पावली कधीच बाद झाली, गणित आजच्या नाण्यांचं द्या

25 पैशांचं नाणं जून 2011 अखेर चलनातून बाद झालं. सूरजागडला आज आठवीत शिकणाऱ्या पोराने पावली पाहिलेलीही नसणार. मग तिच्यावरची गणितं त्याला कशाला? बाजारात चालतं तेच द्या: 5 आणि 10 रुपयांची मिळून 17 नाणी, रक्कम 130 रुपये. दहाची किती?

दहाची नाणी क्ष मानू. पाचची झाली 17 − क्ष.
10क्ष + 5(17 − क्ष) = 130
5क्ष + 85 = 130
क्ष = 9, म्हणजे पाचची 8.

घोळ होतो तो इथे: क्ष म्हणजे नाण्यांची संख्या, रुपये नव्हेत. रुपये हवेत तर नाण्याच्या किमतीने गुणा.

या भागात अनेक घरांत माडिया बोलतात. त्या मुलांना बीजगणिताआधी ‘मिळून’, ‘पैकी’ असले मराठी शब्दच आडवे येतात, असं माझं मत. म्हणून आधी 17 नाणी हातात द्यावीत. सगळी पाचची धरली तर 85 रुपये. कमी पडले 45. एक पाचचं काढून दहाचं ठेवलं की 5 वाढतात. असं 9 वेळा. हे बोटांनी जमलं, की तेच फळ्यावर क्षने लिहावं.

दहाचं नाणं घ्यायला दुकानदार कुरकुरला, तर सांगा: सर्व 14 प्रकारची नाणी वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच स्पष्ट केलंय.