पोटाखालचा डोळा

छंद विचारला की आजकाल सगळे एका दमात सांगतात, 'ट्रेकिंग, फोटोग्राफी, म्युझिक!' बायोडेटात बरं दिसतं ना! पण समोरचा शांतपणे म्हणाला, की मी लढाऊ विमानांचे टार्गेटिंग पॉड बनवतो, तर? आपण एक तर हसतो, नाहीतर दोन पावलं मागे सरकतो. मी तिसरं केलं. गुरुवार बघून निघोज्याला गेले.

मोशी सोडलं, इंद्रायणीवरचा पूल ओलांडला, की चिंबळी, कुरुळी आणि मग निघोजे. आपण ज्याला 'चाकणचा महिंद्रा प्लांट' म्हणतो ना, तो खरं तर या निघोज्याच्या हद्दीत. आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची रांग. त्यातल्याच एका कंपनीत आमचा हा मित्र क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, तोंडात 'रिजेक्ट'. सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी हॉलमधल्या डायनिंग टेबलवर जेवायला मनाई, कारण तिथे हवाई दल उतरलेलं असतं.

ही विमानं 1/72 स्केलची. म्हणजे खऱ्याचे 72 सेंटिमीटर इथे 1 सेंटिमीटर. जवळपास 22 मीटर लांबीचं सुखोई इथे शाळेतल्या मोठ्या पट्टीएवढं होतं. लहानपणी आपण दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा उंच मावळा उभा करायचो आणि शेजारी खुशाल प्लास्टिकचा जिराफ! कुणाची काही हरकत नसायची. याची तेव्हाही असायची म्हणे.

तर पॉड. विमानाच्या पोटाखाली किंवा पंखाखाली एक जाड नळकांडं टांगलेलं असतं. आपल्याला वाटतं इंधनाची टाकी असेल. पण त्याच्या नाकाशी फिरणारा डोळा असतो. त्यात रात्रीही बघणारा इन्फ्रारेड कॅमेरा आणि लेझर. वैमानिक हजारो फुटांवरून खालचं एखादं ठिकाण पडद्यावर धरतो, पॉड त्यावर लेझरचा ठिपका टाकून ठेवतो आणि बॉम्बच्या नाकातला सेन्सर त्या ठिपक्याच्या मागे जातो. बॉम्ब पोचेपर्यंत ठिपका हलता कामा नये, एवढीच अट! आपल्या हवाई दलाने वापरलेला गाजलेला पॉड म्हणजे इस्रायलच्या राफाएल कंपनीचा 'लायटनिंग'. लांबी सुमारे 2.2 मीटर, जाडी 40 सेंटिमीटर, वजन 200 किलोच्या वर.

72 ने भागा. 3 सेंटिमीटर लांब, साडेपाच मिलिमीटर जाड. 'जेल पेनच्या रिफिलची नळी,' मित्र म्हणाला, 'आणि पुढे 5 एमएमचा पारदर्शक एलईडी. त्याचं गोल डोकं म्हणजे डोळा. खिडकीएवढी जागा सोडून बाकी रंगवायचं.' मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. सेकंडभर तो पॉड खरंच माझ्याकडे बघत होता, बॉस!

पण हे घरी कशाला बनवायचं? डब्यात मिळत नाही? इथेच खरी गंमत आहे. किट परदेशी, त्यामुळे हत्यारंही परदेशी हिशेबाची. जपानच्या हासेगावाची विमानं अप्रतिम, पण बऱ्याच डब्यांत बॉम्ब-मिसाइल नसतातच. त्यांचे डबे वेगळे विकत घ्यायचे. भेळ घ्या, चटणीचे पैसे निराळे! आणि त्या चटणीतही बहुतेक माल अमेरिकन. भारतीय विमान त्याच्या खऱ्या हत्यारांसकट हवं असेल, तर चार डबे फोडून जमवाजमव करण्याला पर्याय नाही.

डब्यातलं जसंच्या तसं वापरताही येत नाही. बॉम्बच्या शेपटीचं प्लास्टिकचं पातं अर्धा मिलिमीटर जाड असतं. खऱ्यात ते साडेतीन सेंटिमीटरहून जाड झालं! कुठल्याही क्वालिटीवाल्याला झोप लागणार नाही. म्हणून पाती कापून टाकायची आणि कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याची नवी लावायची. एका बॉम्बला एक संध्याकाळ. घरच्यांचं मत मी विचारलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं.

'पण एवढं कोण बघतंय?' मी विचारलंच. उत्तर त्याच्या धंद्यातून आलं. 'ड्रॉइंगला रिव्हिजन नंबर असतो की नाही? पार्ट कितीही सुंदर असू दे, जुन्या रिव्हिजनचा असेल तर लाइनवर चालत नाही. विमानाची रिव्हिजन त्याच्या पंखाखाली लिहिलेली असते.'

त्याने कारगिलचं मिराज 2000 पुढे सरकवलं. 17 जून 1999 ला मिराजनी मुंथो ढालोच्या तळावर हल्ला केला, तो साध्या, नेम धरून सोडायच्या बॉम्बनी. 24 जूनला टायगर हिलवर लेझर बॉम्ब पडले, लायटनिंग पॉडच्या डोळ्याने. त्या वेळचे हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस तो हल्ला दुसऱ्या मिराजमध्ये बसून बघत होते. (ते विमान दोन आसनी. म्हणजे त्याला डबाही वेगळा लागणार. हे सांगताना मित्राचे डोळे चमकले आणि मला त्याच्या पगाराची काळजी वाटली.) तेच मिराज 26 फेब्रुवारी 2019 ला बालाकोटला गेलं, ते स्पाइस 2000 घेऊन. त्याला लेझरचा ठिपका लागत नाही; आधी भरून दिलेलं लक्ष्याचं चित्र तो स्वतः ताडून बघतो. विमान एक, पण 17 जूनच्या मिराजखाली 24 जूनचा बॉम्ब लावला, की त्या एका आठवड्यात काय धावपळ झाली असेल ते सगळं पुसलं जातं.

आणि ती धावपळ होतीच. विमान फ्रेंच. पॉड इस्रायलचा, तो घाईघाईने विमानाशी जुळवून घेतलेला. बॉम्बचं धूड ब्रिटिश घाटाचं, 1000 पौंडांचं. त्याच्या नाकाला आणि शेपटीला लावलेला 'पेव्हवे' लेझर संच अमेरिकन. म्हणजे या टेबलावर ब्रिटिश टोर्नेडोच्या डब्यातलं धूड, अमेरिकन डब्यातलं नाक आणि जेल पेनची नळी असं जे काही चाललंय, ते हवाई दलाने त्या जूनमध्ये खऱ्या विमानावर केलं होतं! डब्यावरच्या चित्रातलं विमान कसं एकाच घरचं, एका रंगाचं, नीटनेटकं दिसतं. आपलं कधीच तसं नव्हतं. जोड दिसायलाच हवेत.

आता जोड आपल्याकडचेही आहेत म्हणा. याच नाशिक रस्त्याने थेट पुढे गेलात की नाशिकपलीकडे ओझर. तिथल्या एचएएलमध्ये सुखोई तयार झाली आणि ब्रह्मोस उचलता यावं म्हणून काहींच्या अंगात बदलही झाले. अडीच टनांचं हे मिसाइल पोटाखाली मधोमध, एकच. 22 नोव्हेंबर 2017 ला सुखोईवरून त्याची पहिली चाचणी झाली. स्केलमध्ये ते सुमारे 11 सेंटिमीटर भरतं, म्हणजे विमानाच्या एक तृतीयांशाहून जास्त! मित्राचा ब्रह्मोस सध्या लाकडी काडीच्या रूपात खिडकीत वाळतोय.

पण टेबलावर मधोमध जागा होती ती जॅग्वारला. ते दिघीच्या एका काकांचं. काका हवाई दलात आर्मामेंट ट्रेडला होते, म्हणजे विमानाला हत्यारं टांगणारी माणसं. त्यांनी मित्राला एवढंच सांगितलं होतं, 'विमान कसंही कर रे, वरचं नीट कर.'

वरचं म्हणजे मॅजिक. आपल्या जॅग्वारची खासियत ही, की हवेतून हवेत मारा करणारी छोटी मिसाइल पंखाखाली नाही, पंखाच्या वर बसतात! खालची जागा बॉम्बला मोकळी. ब्रिटिशांनीही 1991 च्या आखाती युद्धात वर मिसाइल लावली, पण ती अमेरिकन साइडवाइंडर. जॅग्वारच्या किटमध्ये मिळाली तर तीच मिळतात. फ्रेंच मॅजिक हवी तर फ्रेंच मिराजचा डबा. मित्राने दुसरं मिराज आणलं ते फक्त त्या दोन मिसाइलसाठी. बाकी विमान अजून पाकिटात आहे.

दुपारी काका आले. चहा घेतला. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी जॅग्वार डोळ्यांशी धरलं. पॉड बघितला, बॉम्ब बघितले, मॅजिकच्या पुढच्या पात्यांवरून नख फिरवलं. नाक, शेपूट, कॉकपिट यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

'पायलटचं नाव कॉकपिटखाली लिहितात,' ते मला म्हणाले, 'विमान परत आलं की त्याचा फोटो निघतो. आम्ही जे टांगतो ते परत आलं नाही तरच काम झालं. दाखवायला काय राहतं सांगा?'

मला काही सुचलं नाही. मित्राने विचारलं, 'काका, काही राहिलंय?'

'लाल पट्ट्या राहिल्यात.'

जमिनीवर उभ्या विमानाच्या हत्यारांना सेफ्टी पिना असतात आणि त्यांना लोंबणाऱ्या लाल पट्ट्या, 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट' लिहिलेल्या. त्या निघाल्या की विमान वैमानिकाचं. त्या आहेत तोवर ते काकांचं.

मित्राने जॅग्वारसाठी पारदर्शक स्टँड आणून ठेवला होता, उडतंय असं दाखवायला. तो त्याने उचलून कपाटावर टाकला आणि विमानाची चाकं शोधायला डबा उघडला. मग कागद ओढून हिशेब मांडला. पट्टी खरी धरा फूटभर. म्हणजे चार मिलिमीटर लांब, अर्धा-पाऊण मिलिमीटर रुंद. काकांनी बोटांवर मोजून सांगितलं, 'आठ लागतील.'

'पुढच्या गुरुवारी,' मित्र म्हणाला.

'अक्षरं नाही लिहिलीस तरी चालेल हं,' काका म्हणाले. पण तो आधीच बारीक ब्रश शोधत होता.