नोटीस दिवाळीला, बोंडअळी ऑगस्टला

आविष्कारची नोटीस बोर्डावर लागली की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला : "सर्टिफिकेट भेटतं का भो?" आणि दुसरा : "मागच्या वर्षीचं पोस्टर कोणाकडं आहे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आविष्कार म्हणजे विद्यापीठांमधली संशोधन स्पर्धा. राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती, त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकारानं २००६ पासून सुरू आहे. आधी विद्यापीठाची निवड, मग राज्याची. पदवीच्या पोरांनाही त्यात वेगळा गट आहे. भाषा-इतिहासापासून शेती-औषधापर्यंत कोणताही विषय चालतो. कल्पना उत्तमच आहे आणि तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते तारखेबद्दल. मी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, केमिस्ट्री. आमच्याकडं ही नोटीस येते साधारण दिवाळीच्या मागंपुढं आणि स्पर्धा लगेच पुढच्या एक-दोन महिन्यांत. आता सांगा, धरणगाव तालुक्यातल्या पोरानं दिवाळीनंतर कशावर संशोधन सुरू करायचं? कापूस अर्धा वेचून झालेला. विहिरींना पावसाचं पाणी येऊन गेलेलं. उन्हाळ्यातल्या पाण्याशी तुलना करायची तर उन्हाळा निघून गेला. मग राहतं काय? गूगल, आणि मागच्या वर्षीचं पोस्टर. पोरं नक्कल करतात म्हणून सगळे ओरडतात, पण आपण त्यांना वेळच नकलेपुरता देतो.

माझा विषय विहिरीचं पाणी. धरणगावात पाण्यावर बोलायला कोणाला कारण लागत नाही! पण पाणी कधी येणार यावर आपण जेवढं बोलतो, त्याच्या दहावा भागही पाण्यात काय आहे यावर बोलत नाही. काम साधं आहे. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, नमुना घ्यायचा, विहिरीची खोली आणि तारीख लिहायची. कठीणपणा काढायला ईडीटीएचं टायट्रेशन. लालसर रंग निळा झाला की थांबायचं. हे आम्ही प्रॅक्टिकलला मार्कांसाठी करतोच, फक्त तिथं पाणी सरांनी तयार केलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर अजिबात सवलत नाही. युरिया कुठं जातो, हा प्रश्न त्या ४५ मध्ये दडलेला आहे. एका आप्पांच्या विहिरीवर गेलो तर ते म्हणाले, "पोरा, आकडा काही निघो, पेणं तर हेच पाणी शे." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पण आकडा तरी त्यांच्या हातात पाहिजे, असं मला वाटतं.

खरी गोष्ट मात्र माझ्या प्रोजेक्टची नाही, एका वर्गमैत्रिणीची आहे. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिच्या घरचं दोन एकर कापसाचं वावर. वडिलांनी गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावले होते. सापळ्यात अडकलेले पतंग रोज सकाळी ही मोजायची आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत आकडा लिहायची. दुधाचा हिशोब वरच्या कोपऱ्यात, पतंग खालच्या. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. आणि नोटीस लागल्यावर आम्हाला विचारत होती, "मला कोणता विषय जमेल रे?"

ते कॅलेंडर आम्ही खाली काढायला लावलं.

बीटी कापूस आपल्याकडं २००२ ला आला आणि २०१७ ला याच गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रात किती वावरं बसवली ते खानदेशात कोणाला सांगायला नको. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हा कृषी खात्याचा सल्ला. तिच्या चौकटींमध्ये ती रात्र कधी आली ते स्पष्ट दिसत होतं. आम्ही तिघांनी मिळून तक्ता केला, आलेख काढला, पावसाच्या तारखा शेजारी मांडल्या. पोस्टरचे पैसे वर्गणीनं. सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? तिला "आय डोन्ट नो" म्हणायला शिकवण्यात! परीक्षक विचारणार, एकाच वावरावरून निष्कर्ष कसा काढता? तेव्हा गडबडून काहीतरी ठोकून द्यायचं नाही. "सर, एकच वावर आहे, म्हणून निष्कर्ष काढलेला नाही, नोंद मांडली आहे." हे वाक्य तिनं वीसदा तरी पाठ केलं असेल.

तिचा नंबर आला नाही. एक फवारणी वाचली, असं तिचे वडील म्हणतात. ते सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, कारण तुलनेला शेजारचं वावर घेतलेलं नव्हतं. ते पुढच्या खरिपात घेणार आहोत.

अशा पोरापोरींना मदत म्हणजे फार मोठं काही लागत नाही. आम्ही चार-पाच जण संध्याकाळी बसतो. इतिहासाच्या एका मित्राला भिल्ल कोअरवर काम करायचंय. आउट्रमनं १८२५ मध्ये ती पलटण उभी केली ती आपल्या धरणगावात, आणि आपल्याच पोरांना ते माहीत नसतं. त्याच्यासाठी १८८० चं खानदेश गॅझेटियर मोबाइलवर फुकट मिळतं, पण इंग्रजी जुनं आणि अवघड. मग एक जण वाचतो, एक जण मराठीत सांगतो, तो लिहून घेतो. एका ओळीवर अर्धा अर्धा तास वाद होतो. आमच्या कॉलेजातल्या कोणत्याच तासाला मी एवढा वाद ऐकलेला नाही.

एक गोष्ट रागानं लिहितो. व्हॉट्सॲपवर मेसेज येतात : "पेपर छापून मिळेल, तीन दिवसांत, सर्टिफिकेटसह." पैसे भरा, काहीही पाठवा, छापतात. चांगल्या नियतकालिकांची यूजीसीची केअर यादी होती, तीही २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख ज्याची त्यानं करायची. मजुरी करून फी भरणारी पोरं यात पैसे घालताना मी पाहिलीत. पोरांनो, त्या पैशात टीडीएस मीटर येतो.

आणि हा विषय आता फक्त हौशी पोरांचा राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी आली. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येणार. ७५ टक्के आमची पोरं आणतील हो. पण ज्यानं तीन वर्षांत एकदाही स्वतःचा आकडा मोजला नाही, तो चौथ्या वर्षी अचानक संशोधक होणार कसा? आणि लहान गावच्या कॉलेजात त्याला गाइड कोण मिळणार?

म्हणून कॉलेजांना विनंती : नोटीस येण्याची वाट बघू नका. विषय जूनमध्ये ठरवून घ्या, एक वही द्या, महिन्यातून एकदा ती बघा. बस्स.

पैशाचं म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यात जुना दाखला आहे. चाळीसगावजवळ पाटणला शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, आणि तो चालावा म्हणून राजानं पाटणच्या बाजारातल्या मालावरचा आपला हिस्सा मठाला लावून दिला. हा भाग तर मराठीत कोरलेला आहे. बाजारातल्या पैशावर गणित शिकवलं जात होतं, आठशे वर्षांपूर्वी, खानदेशात. आज बाजार समित्या आहेत, पतपेढ्या आहेत, जिनिंगवाले आहेत, गणेश मंडळं आहेत. एका पोस्टरला आणि गाडीभाड्याला लागतात दीड-दोन हजार. डीजेच्या एका तासाचे सुद्धा नाहीत.

आमचं पुढचं काम मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी. पिंप्री, पाळधी, सोनवद या बाजूच्या विहिरी हव्या आहेत. तेच नमुने ऑक्टोबरात पुन्हा घेणार. बाटल्या आम्ही आणू, निकाल मराठीत लिहून घरी आणून देऊ. विहीर दाखवायला तयार असाल तर फक्त गावाचं नाव आणि विहिरीची अंदाजे खोली खाली लिहा.