चार्जिंग कुणासाठी?

सरकार म्हणाले, विजेवरची मोटार घ्या. हप्त्यावर घेतली. पण मी मोहल्ल्यातल्या तिसऱ्या मजल्यावर राहतो; खाली ना पार्किंग, ना प्लग. बंगलेवाला रात्री अंगणातच गाडी चार्ज करतो. घरच्या विजेवर जीएसटी नाही. मला पालिकेचा वाहनतळ गाठावा लागतो. तिथे पार्किंगचे पैसे वेगळे, वर चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी. विजेवरची गाडी आणि चार्जर यांवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. म्हणजे विकत घेताना सवलत आणि रोज चालवताना दंड! तोही ज्याच्याकडे स्वतःची जागा नाही, त्यालाच.

आणि प्लग कुणाचा? मोटारींचा, सीसीएस-२. तो बहुतेक स्कूटरना आणि ई-रिक्षांना बसतच नाही. दिवसभर पार्सल पोचवणारी आमची पोरे त्या चार्जरकडे नुसती बघत पुढे जातात.

वाहनतळाची जमीन सगळ्या शहराची आहे. मग पालिकेने तिथे साधे १५ अँपिअरचे प्लगही लावावेत, चार्जिंग चालू असेपर्यंत पार्किंग माफ करावे. जीएसटी परिषदेने कर उतरवावा. आम्ही मेहेरबानी मागत नाही. धूर आम्हीही गिळतो, करही आम्ही भरतो.